दादीचं बोट आणि पहिलीचं पुस्तक

इफ्तारला अजून पाऊण तास असतो. भज्यांचं पीठ कालवून झालेलं असतं, कलिंगडाच्या फोडी आणि खजूर ताटात लावलेले असतात आणि रोजा असणाऱ्यांची नजर उगाचच घड्याळाकडे जात असते. आमच्या घरात ही वेळ वाचनाची आहे. हॉलमधल्या चटईवर माझ्या सासूबाई भिंतीला टेकून बसतात. त्यांच्यासमोर माझी धाकटी मुलगी, वय सात, मांडीवर बालभारतीचं पहिलीचं मराठीचं पुस्तक. ती एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचते आणि दादी ऐकतात. विशेष म्हणजे दादींना मराठी वाचता येत नाही.

शेजारच्या ताईंना याचं नवल वाटतं. घरात मराठी आणि उर्दू दोन्ही शिकलेली, कॉलेजात शिकवणारी आई असताना मुलीचं वाचन ऐकायला आजी कशाला, असं त्यांनी एकदा विचारलंही. त्याचं उत्तर जरा लांब आहे आणि त्यात माझी चूकही आहे. २०२१ मध्येही शाळा बंद होत्या, मुलं घरातच होती आणि रमजानमुळे घरातली सगळी माणसं दिवसातून एकदा तरी एका दस्तरख्वानाभोवती जमत होती. ती गोष्ट आज सांगते.

वर्ग न पाहता पहिली पास

२०२० चा रमजान लॉकडाऊनमध्येच गेला. मशिदी बंद, तरावीहची नमाज घरातल्या घरात, आणि २५ मेची ईद कुणालाही गळाभेट न देता. त्यानंतर जूनमध्ये धाकटीची पहिली सुरू झाली, ती माझ्या मोबाइलवर. आम्ही सोलापूरचे. घरात दखनी बोलतो, मुलांना मात्र मराठी माध्यमाच्या शाळेत घातलं आहे. तिच्या बाई मनापासून काम करणाऱ्या. रोज सकाळी ग्रुपवर पानाचा फोटो यायचा, खाली सूचना असायची, 'हा पाठ वाचून व्हिडिओ पाठवा.' मी माझी दोन ऑनलाइन लेक्चर्स आटोपून, कुकर लावून तिच्यासमोर फोन धरायची. ती धडाधड वाचायची. बाई टाळ्यांचं चित्र पाठवायच्या. मी निर्धास्त.

जानेवारीतली एक दुपार. तिने पुस्तक उघडलं आणि नेहमीच्या सुरात पाठ म्हणायला लागली. एकही चूक नाही. माझं लक्ष पुस्तकाकडे गेलं तेव्हा दिसलं, की पान भलतंच उघडं होतं. ती मोराचा पाठ म्हणत होती आणि समोर चित्र बाजाराचं होतं.

मी पुस्तक मिटलं. बिस्किटाच्या पुड्यावरचा एक साधा शब्द दाखवला. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पाटीवर 'घर' लिहिलं, तिने 'घ' ओळखला, 'र' ओळखला, पण दोन्ही जोडून शब्द होईना. सहावीतला तिचा भाऊ शेजारी बसून पाठ वाचून दाखवायचा, ती ऐकून पाठ करायची. फोनचा कॅमेरा सुरू असताना ती अडखळली, की मागून हळूच शब्द पुरवणारी मीच होते. व्हिडिओ लवकर पाठवायचा असायचा ना! आठ महिने मी दुसऱ्यांच्या मुलांना भाषा शिकवत होते आणि माझी मुलगी हाताच्या अंतरावर बसून वाचनाचं नाटक करत होती. तिला ते नाटक आहे हेही ठाऊक नव्हतं. तिच्या मते वाचणं म्हणजे हेच.

२०२१ च्या एप्रिलच्या सुरुवातीला राज्य सरकारने पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. दुसरा इलाजही नव्हता. पण त्या दिवशी घरात पेढे वाटावेत असं मला काही वाटलं नाही. माझी मुलगी पहिलीच्या वर्गाचं दार न पाहता पहिली पास झाली होती.

दादीला फसवता येत नाही

त्या जानेवारीत मी दोन दिवस फार अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी सहज लक्ष गेलं ते दादींच्या सबककडे. दादी तिला रोज कायदा शिकवतात. कायदा म्हणजे कुरआन वाचायला शिकण्याआधीची अरबी अक्षरांची छोटी पुस्तिका. त्या कायद्यात मात्र हीच मुलगी अक्षरं जोडून वाचत होती! तिथे तिचं नाटक चालत नव्हतं. का चालत नव्हतं, हे मी चार दिवस दाराआडून पाहिलं.

पहिली गोष्ट, बोट. "किताब देख बेटा, मेरे मूं कू नको देख," असं म्हणून दादी तिचं बोट धरून अक्षराखाली ठेवतात. बोट पुढे सरकल्याशिवाय आवाज पुढे जाऊ द्यायचा नाही. दुसरी गोष्ट, दादी ओळ कधी उलटी विचारतात, कधी मधलंच अक्षर विचारतात. पाठांतर तिथेच उघडं पडतं. तिसरी गोष्ट, रोजचा नवा सबक दोन-तीन ओळींचाच. चौथी गोष्ट, आमोख्ता. मदरशात शिकलेल्यांना हा शब्द माहीत असेल. आमोख्ता म्हणजे आधी शिकलेला भाग. नवा सबक देण्याआधी जुना ऐकायचा, तो कच्चा निघाला तर त्या दिवशी नवा नाहीच. आणि शेवटची गोष्ट, दादींना कुठेही जायची घाई नसते. ती अडखळली, की दादी तस्बीहचे मणी ओढत थांबतात. शब्द पुरवत नाहीत.

मी बी.एड.च्या पुस्तकांत जे वाचलं होतं, ते सगळं माझ्या घरात रोज अर्धा तास चालत होतं आणि मला त्याची किंमत कळली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी मराठीचं पुस्तक त्याच पद्धतीने सुरू केलं. व्हिडिओ बंद. बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगितलंत तरी. वर्गातल्या किती जणांचं असंच असेल!"

पद्धत जुळण्याचं आणखी एक कारण आहे. अरबी-उर्दूत अक्षरावर जबर, जेर, पेश ही चिन्हं येतात. मुलं म्हणतात, बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु. मराठीत तेच काम काना, वेलांटी, उकार करतात. 'ब' ला काना 'बा' हे तिला एकदा दादींच्या चालीत म्हणून दाखवलं आणि ती खुदकन हसली. "ये तो वैसाच है!" बाराखडीचं अर्धं ओझं त्या दिवशी उतरलं.

फरकही आहेत आणि तेही मोकळेपणाने सांगावे लागतात. उर्दूत बे, पे, ते, से या अक्षरांचा आकार एकच, नुक्ते वेगळे. शिवाय एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं दिसतं. मराठीत अक्षर सहसा आपलं रूप सोडत नाही, पण ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. 'दिवस' वाचताना मुलं तिथेच अडतात. आणि दिशा! सुरुवातीला धाकटी कधीकधी मराठीची ओळ उजवीकडून धरायची. अशा वेळी रागावू नये. पुस्तकाच्या डाव्या समासात एक लाल टिकली लावली, 'इथून निघायचं', एवढंच. पंधरा दिवसांत सवय लागली. दोन लिप्यांची सांगड घालताना आम्ही वेळ आणि जागा वेगळी ठेवली. सकाळी खिडकीजवळ कायदा, संध्याकाळी चटईवर मराठी.

आणि धीर धरावा लागतो. सोनाली नाग या संशोधिकेने शेजारच्या कर्नाटकात कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसारखं हे काम पहिल्या वर्षात संपत नाही, अक्षरं आणि जोडाक्षरं पक्की व्हायला मुलांना पुढची काही वर्षं लागतात, असं त्यातून दिसतं. आपली देवनागरीही त्याच घराण्यातली. तेव्हा दुसरीतलं मूल 'स्वच्छ' किंवा 'प्रार्थना' पाशी थांबलं तर ते मठ्ठ आहे असं समजू नये. तेही शिकण्याच्या वाटेवरच असतं.

अक्षर आलं, अर्थ कुठे आहे?

फेब्रुवारी संपता संपता ती जोडाक्षरं नसलेले छोटे पाठ स्वतः वाचू लागली. मला वाटलं, जिंकलो. एका संध्याकाळी पाठ संपल्यावर मी विचारलं, "मग त्या चिमणीनं काय केलं?" ती म्हणाली, "मालूम नहीं." सगळे शब्द बरोबर वाचले होते. गोष्ट मात्र तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

हे मी दादींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मेरा भी वैसाच है. पूरा कुरआन कित्ते बार पढी, गिनी नहीं. पन मायने पूछे तो नहीं मालूम."

दादींची पिढी अशीच शिकली. रमजानमध्ये त्या रोज एक पारा वाचतात, महिन्यात तीस पारे पूर्ण करतात. त्या वाचनाला श्रद्धेचं मोल आहे, ते वेगळंच. पण उर्दू वर्तमानपत्र त्यांना वाचता येत नाही, कारण तिथे जबर-जेरची चिन्हं नसतात. मराठी तर शिकवलीच नाही कुणी. आयुष्यभर एसटी स्टँडवर शेजारच्या माणसाला विचारून त्या बसमध्ये चढल्या. दवाखान्याचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक सोपं समीकरण मांडलं. अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता आणि ती भाषा ऐकून समजण्याची क्षमता, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे समजून वाचणं. त्यांनी बेरीज न मांडता गुणाकार मांडला, यातच सगळं आलं. दोन्हींपैकी एक शून्य असेल, तर उत्तर शून्य. वर्गात हे समीकरण मी फळ्यावर लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ मला माझ्या घरातल्या सात वर्षांच्या मुलीने आणि सत्तरीतल्या सासूबाईंनी समजावला.

तेव्हा दादीच म्हणाल्या, "उसकू बोल, मेरेकू पढ के सुना. मेरेकू तो नहीं आता." तिथून आमची इफ्तारआधीची बैठक सुरू झाली. धाकटी मराठीत वाचते. दोन-तीन वाक्यं झाली, की दादी थांबवतात, "मतलब?" मग तिला ते दखनीत सांगावं लागतं. दादी विचारतात, "फिर क्या हुआ?" त्यांना खरोखरच माहीत नसतं. आम्ही आई-बाबा विचारतो तेव्हा मुलांना कळतं, की ही परीक्षा आहे, उत्तर यांना ठाऊक आहे. दादींचा प्रश्न खरा असतो. कोल्ह्याने कावळ्याला फसवलं हे दादींना पहिल्यांदाच कळतं आणि त्या "हाय अल्ला!" म्हणतात, तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो टाळ्यांच्या चित्राने कधी आला नव्हता.

ज्या आई-वडिलांना वाटतं, 'आम्हीच शिकलेलो नाही, पोरांना काय शिकवणार?', त्यांना मला हेच सांगायचं आहे. तुम्हाला वाचता येत नसलं तरी तुम्हाला ऐकता येतं. फोन बाजूला ठेवून रोज पंधरा मिनिटं ऐका. 'पुढे काय झालं?' एवढं विचारा. ते तुमच्या बोलीतच सांगू द्या.

घरची बोली अडचण नाही

बोलीवरून आठवलं. आमच्या ओळखीतले बरेच जण सल्ला देतात, 'मुलीशी घरात मराठीतच बोला, नाहीतर मागे पडेल.' मला हे पटत नाही. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा लमाणी घरांतल्या आयांनाही हाच सल्ला मिळत असणार. मूल ज्या भाषेत विचार करतं ती बंद केली, तर अर्थाचा झराच आटतो.

उलट त्या बोलीत मराठीकडे जाणारा पूल आधीच असतो. दखनीतला 'नको' हा शब्द मराठीतूनच आलेला. धाकटीने पुस्तकात पहिल्यांदा तो वाचला तेव्हा ती ओरडलीच, "ये तो हमारा है!" मग आम्ही यादीच करायला बसलो. दरवाजा, बाजार, जमीन, जवाब, चष्मा, तारीख. कागद आणि शाई हे शब्दही फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. कुर्सीची खुर्ची झाली. स्वयंपाकघराच्या दारावर खडूने रोज एक असा शब्द लिहायचा, येता-जाता वाचायचा. या खेळात तिचा भाऊही सामील झाला.

एक सावधगिरी मात्र हवी. दखनीत 'ळ' नाही. त्यामुळे ती 'काळा' ला 'काला' आणि 'बाळ' ला 'बाल' म्हणायची. 'चाक' मधला 'च' ती 'चार' मधल्यासारखा म्हणायची. हा वाचनातला दोष नाही, तो जिभेचा सराव आहे. शब्द तिने बरोबर ओळखलेला असतो. प्रत्येक 'ळ' ला थांबवलं तर मूल वाचायचंच सोडून देईल. आम्ही वाचन होऊ देतो आणि नंतर गप्पांमध्ये तो शब्द सहज नीट उच्चारून दाखवतो.

ज्यांच्या घरी फोन एकच

हे सगळं लिहिताना माझ्या मनात आमच्याच गल्लीतला एक मुलगा आहे. तोही पहिलीतून दुसरीत गेला. वडील माल वाहतुकीच्या गाडीवर, घरात स्मार्टफोन एक, तो सकाळी वडिलांबरोबर बाहेर पडतो आणि रात्री नऊनंतर परत येतो. 'असर' या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरात स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. वाढ मोठी आहे. पण फोन घरात असणं आणि सकाळी दहा वाजता पोराच्या हातात असणं यात फार अंतर आहे. सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली' मालिकेचा पुष्कळ मुलांना आधार झाला, तो यामुळेच. दूरदर्शनला डेटा लागत नाही.

तरी टीव्ही मुलाचं वाचन ऐकत नाही. म्हणून फेब्रुवारीत मी माझ्या बी.ए.च्या वर्गातल्या मुलींना एक विनंती केली. ओळखीतलं एक लहान मूल निवडा, ठरलेल्या वेळी साधा फोन लावा आणि दहा मिनिटं त्याचं वाचन ऐका. बटणांचा फोनही चालेल. मूल पुस्तक उघडून वाचणार, ही इकडे तेच पान समोर ठेवून ऐकणार. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा सगळ्या माध्यमांची. आमच्या सोलापुरात या चारही माध्यमांची मुलं एकाच रस्त्यावर राहतात, त्यामुळे ती सोय मोठीच. सात जणी तयार झाल्या, पाच जणी टिकल्या. रमजान सुरू झाल्यावर दोघींनी वेळ बदलून सहरीनंतरची घेतली, कारण एका मुलाचे वडील त्याच वेळी घरी असतात. 'मॅडम, तो आज स्वतःहून दुसरा पाठ वाचला' असा निरोप आला, की रोज्याची दुपार हलकी जाते.

गल्लीतला तो मुलगा मात्र तेव्हा आमच्या हाती लागला नव्हता. दोनदा त्याच्या घरी मास्क लावून जाऊन आले. आई म्हणाली, "शाळा सुरू झाली की शिकेल." शाळा कधी सुरू होणार, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. सुरू झाल्यावर तो दुसरीच्या किंवा तिसरीच्या बाकावर बसणार आणि समोर त्या वर्गाचं पुस्तक येणार होतं. त्याला 'घर' वाचता येतं का, हे तेव्हा कोण विचारणार होतं? शिक्षकांना माझी हात जोडून विनंती होती, की पहिला महिना अभ्यासक्रम बाजूला ठेवा. प्रत्येक मुलाला शेजारी बसवून एकदा ऐका. आधी आमोख्ता, मग नवा सबक.

ईदीला पुस्तक

ईदीच्या पाकिटात आपण मुलांना कोऱ्या नोटा देतो. २०२१ मध्ये दुकानं बंद होती, बाहेर जाणं नव्हतं, त्या नोटांचं मुलं तरी काय करणार होती? जमलं तर त्यासोबत एक पातळसं गोष्टीचं पुस्तक द्या. घरातल्या मोठ्या मुलाचं जुनं पुस्तकही चालेल. 'किशोर'चे जुने अंक शोधा. उर्दू वाचणाऱ्या घरांत इस्माईल मेरठींच्या बालकविता असतील, त्या मोठ्यांनी वाचून दाखवा. फितरा काढताना शेजारच्या घरात धान्य किंवा पैसे जातातच, त्यासोबत आपल्याकडून एखादं पुस्तकही जाऊ दे.

आमच्या फ्रिजवर रमजानचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे, एका किराणा दुकानाने छापलेलं. सहरी आणि इफ्तारच्या वेळा, आणि खाली दुकानाची जाहिरात. धाकटी यंदा अर्ध्या दिवसाचा चिडिया रोजा धरते आणि संध्याकाळची वेळ वाचून सगळ्यांना सांगण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. परवा तिने 'सहा पन्नास' असं सांगितलं आणि मग न विचारता खालची जाहिरात वाचायला लागली. 'उ-त्त-म... उत्तम प्र... प्र-ती-चे... खजूर.' 'उत्तम'वर अडली, 'प्रतीचे'वर अडली. मागून शब्द पुरवायला माझी जीभ शिवशिवली, पण मी गप्प राहिले.

दादींनी चटईवरून विचारलं, "मतलब?"

"मतलब, अच्छे वाले खजूर, दादी."

तेवढ्यात अजान झाली. दादींनी त्यातलाच एक खजूर उचलून आधी तिच्या हातात दिला.